दप्तरातला मुलगा

आमच्या घरात चुलीजवळ दोन पातेली असायची आणि कुठल्यात काय आहे ते वासावरून ओळखावं लागायचं. एकात आंबील, दुसऱ्यात खळ. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट पेज. पुठ्ठ्यावर कापड बसवायचं तर तिच्याशिवाय भागत नाही. माझे वडील, आप्पा, बाइंडर होते. खळ निवली की ते तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे वाळवी आणि उंदीर रजिस्टराला तोंड लावत नाहीत. मोरचूद पडला की आई झाकणावर कोळशानं फुली मारायची. एकदा बेलापूरच्या पाहुण्यांना फुलीच्या आधीचं पातेलं वाढलं गेलं. पाहुणे भिडस्त. अर्धी वाटी संपवून म्हणाले, "वैनी, आंबील जरा आळणी वाटती." वाढणारी मी होते. माझ्या हातून घडलेल्या कामगिऱ्या पुष्कळ आहेत, पण घरात लग्न निघालं, भाचरं जमली, की त्यांना आधी ही ऐकायची असते आणि तिच्या पाठोपाठ मी मुलगा होते ती. ही दुसरी गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की तिच्यात माझ्या पदरचं किती शिरलं ते आता मलाही सांगता येत नाही. म्हणून एकदा बसून नीट लिहून काढते आहे.

घर म्हणजे दुकानाची मागची बाजू. वेशीतून जुन्या पेठेत शिरलं की डाव्या हाताला दगडी कमानींची ओळ लागायची. तिसरी कमान आमची. पुढं आप्पांचं दुकान, मध्ये गोणपाटाचा पडदा, मागं आम्ही. समोर चौक, आणि चौकाच्या तिन्ही बाजूंना सरकार. बरोबर समोर नगरपालिका: काळ्या घडीव दगडाची, दुमजली, वर मंगलोरी कौलं आणि मधोमध एक बुटका मनोरा, त्यात भोंगा. तिच्या एका अंगाला मामलेदार कचेरी, तिच्या आवारात कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली अर्ज लिहिणाऱ्यांच्या सतरंज्या. दुसऱ्या अंगाला वाचनालय, त्याला लागून दवाखाना. माणूस दवाखान्यात जन्माला यायचा, नगरपालिकेत नोंदवला जायचा, वाचनालयात पेपर वाचून शहाणा व्हायचा, शहाणपण फार झालं की कचेरीत भांडायला जायचा, आणि शेवटी पुन्हा नगरपालिकेत नोंदवला जायचा. या सगळ्याला शंभर-दीडशे पावलं पुरायची.

दिवस भोंग्यावर चालायचा. सकाळचा भोंगा झाला की आई परातीत पीठ ओढायची, साडेदहाच्या भोंग्याला कचेरीतले कारकून धोतराचा सोगा धरून चौक ओलांडायचे, दुपारच्या भोंग्याला शाळा सुटायची आणि आमच्या दुकानातली टकटक थांबायची. ती टकटक म्हणजे आप्पा लाकडी हातोडीनं रजिस्टराची पाठ गोल करायचे. आजही कुठं सुतारकाम चाललं की मला आता जेवायला बसायचं आहे असं वाटतं. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी जेवायला म्हणजे मिलो. बांगलादेशाची लढाई संपली होती, पाऊस आलाच नव्हता, आणि रेशनच्या दुकानात लाल ज्वारी यायची तिला सगळे मिलो म्हणायचे. भाकरी विटेच्या रंगाची. पहिला घास गिळेपर्यंत दुसरा कुठं ठेवावा हा प्रश्न पडायचा. एक फायदा झाला: आंबील लालसर व्हायला लागली आणि खळीशी घोटाळा होण्याचा संभव संपला.

चौकातल्या सगळ्या इमारतींच्या कपाटांतली रजिस्टरं आप्पांच्या हातची. एक दवाखाना सोडून. तो बांधून आलेलं साहित्य नगरहून मागवायचा. आप्पा दुसरी शिकलेले. अक्षराला अक्षर जुळवून वाचायचे आणि जुळेपर्यंत त्यांना कंटाळा यायचा. पण डोळे मिटायला सांगून हातात रजिस्टर दिलं तर पाठीवरून अंगठा फिरवून म्हणायचे, "हे जन्माचं. याला चार टाके जादा घातलेत. लई उघडत्यात." एवढंच ते बोलायचे. बाकी दिवसभर दाभण, दोरा आणि कात्री. घरात बोलण्याचं काम आईनं आणि आत्यानं वाटून घेतलं होतं. आत्या कोपरगावला दिलेली होती, पण सणवार, बाळंतपण, आजारपण आणि यातलं काहीच नसलं तर उगीच, म्हणून ती आमच्याकडंच असायची.

माझ्या जन्माची हकिगत आत्याची होती. मी तिसरी मुलगी. आई घरातच बाळंत झाली, आत्या तेव्हा हजर होती, त्यामुळं तिच्या सांगण्याला तोड नव्हती. "तुझ्या वक्ताला तुझा बाप," ती शेंगा सोलता सोलता सुरू करायची, "सकाळी सुईन बाहेर येऊन बोलली, तशी टोपी घातली आन् गेला. तो दिवेलागनीला आला. दुकान बंद. जेवाय न्हाई, पानी न्हाई. कुनाला तोंड दाखवंना. करील काय बिचारा, तिसरी बी पोरगीच." यात तिला वाईटपणा नव्हता, ती आप्पांची बाजू घ्यायची, आणि माझ्या हातावर सोललेले दाणे ठेवायची. मी ते खायचे आणि ऐकायचे. कुणाच्या गालावर तीळ असतो, तशी ही गोष्ट माझ्या अंगावर होती. आप्पांना मी कधी विचारलं नाही. आप्पांना काही विचारायचं म्हणजे त्यांच्या तोंडातला दोरा निघेपर्यंत थांबावं लागायचं, आणि तेवढ्यात विचारायचा धीर जायचा.

मी मॅट्रिक झाले, तेही बऱ्या मार्कांनी, यावर घरात कुणाचा एकदम विश्वास बसला नाही. माझाही नव्हता. नगरला डी.एड.साठी अर्ज केला होता. तिथून पत्र आलं: सतरा वर्षं पूर्ण पाहिजेत, शाळेच्या दाखल्यावरून पूर्ण दिसत नाहीत, तरी सोमवारी मुलाखतीला येताना नगरपालिकेचा जन्माचा दाखला आणावा, नाहीतर नाव वगळण्यात येईल. शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख एक जून. त्या काळी गुरुजी अख्ख्या वर्गाला एक जूनला जन्माला घालायचे. मला शाळेत आत्या घेऊन गेली होती. गुरुजींनी वय विचारलं तर ही म्हणाली, "असंल सहाची, न्हाईतर पाचाची." गुरुजींनी पाच धरलं. त्या एका शब्दात माझं वर्ष गेलं. ते परत आणायला माझ्या हातात सोमवारच्या आधीचे पाच-सहा दिवस होते. नगर हुकलं तर पुढं काय तेही ठरलेलं होतं. आत्यानं स्थळ आणलं होतं, साखर कारखान्यात वजनकाट्यावर असलेला मुलगा. "सोमवारपतूर थांबत्यात ते लोक," आत्या म्हणाली. "शिकाय गेलीस तर जा बाई. न्हाई गेलीस तर मंगळवारी बघाया येतील." आईनं मान डोलावली. आप्पांच्या तोंडात दोरा होता.

जन्ममृत्यूचं दप्तर नगरपालिकेच्या माडीवर, कोपऱ्यातल्या खोलीत. तिथले कारकून दप्तरे. खरं आडनाव वेगळं असावं, पण गावात ते पगारपत्रकापलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं. किरकोळ बांधा, काळी टोपी, समोर पाण्यात भिजवलेला स्पंजाचा तुकडा, कारण रजिस्टराच्या पानाला ते थुंकी लागू द्यायचे नाहीत. येत्या दिवाळीला ते निवृत्त व्हायचे होते, आणि छत्तीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. हे ते स्वतः सांगायचे नाहीत. त्यांचा शिपाई गंगाराम सांगायचा, येईल त्या प्रत्येकाला.

लाकडी जिना चढून मी गेले. गंगारामनं रजिस्टर काढून दिलं. दप्तऱ्यांनी स्पंजाला बोट लावलं आणि पानं उलटली.

"वडील बाइंडर. राहणार जुनी पेठ. सापडलं," ते म्हणाले. मग चष्मा वर केला. "तू कोण?"

"मी मंदाकिनी. माझाच दाखला पाहिजे, काका."

"तुला भाऊ आहे?"

"नाही."

"होता?"

"नाही. आम्ही तिघी बहिणीच."

"मग या तारखेला यांना झालेला मुलगा कुठाय?"

मी मागं वळून पाहिलं. खरंच पाहिलं. तो दारात उभा असला तर, म्हणून.

त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. तारीख आईनं सांगितली तीच. वेळ सकाळची. बापाचं नाव, धंदा, ठिकाण, सगळं बरोबर. आणि त्यापुढच्या रकान्यात, छापल्यासारख्या अक्षरात: मुलगा. नावाचा रकाना रिकामा. बारशाआधीच नोंद होत असे.

"काका, ती मीच आहे."

"ते मला दिसतंय," दप्तरे म्हणाले. "पण दिसतं ते इथं लिहायचं नसतं. सांगितलं ते लिहायचं असतं. हे बघ, खबर देणार, बाप. बापानं मुलगा सांगितला, मी मुलगा लिहिला."

दाराशी गंगाराम उभा होता. तो गंभीरपणानं म्हणाला, "बसा की मंदाराव. च्या सांगू का?"

ते नाव मी जिना उतरून खाली पोचायच्या आत चौकात पोचलं होतं. पुढचे पाच दिवस मला वाचनालयातला माळीसुद्धा मंदाराव म्हणत होता, आणि वर माझ्याकडं बिडीला काडी मागत होता.

दप्तऱ्यांनी वाट सांगितली होती. वडिलांनी चुकीची खबर दिली असं प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं, त्यावर मामलेदारांचा शिक्का घ्यायचा, मग ते समासात दुरुस्ती लिहितील. मूळ नोंदीला हात लागायचा नाही, ती तशीच राहणार. मी तशीच कचेरीच्या लिंबाखाली गेले. तिथल्या अर्ज लिहिणाऱ्या तात्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, कागद मांडीवरच्या फळीवर ठेवला आणि लिहून टाकलं: मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मला मुलगी झाली असता मुलगा झाला अशी चुकीची खबर मी दिली, सबब दुरुस्ती व्हावी. भाषा झकास होती. 'सबब' वाचून मला आपलं काम झालंच असं वाटलं.

आप्पांनी कागद दुकानाच्या उजेडात धरला आणि एक एक अक्षर जुळवायला घेतलं. मी शेजारी उभी. 'मुलगी झाली असता' पर्यंत आले, थांबले. 'चुकीची' ला पुन्हा थांबले. मग कागदाची घडी, जशी होती तशीच, नखानं दाबून घातली आणि माझ्या हातात दिली.

"म्या मुलगा सांगितला न्हाई," ते म्हणाले.

"अहो आप्पा, पण तिथं लिहिलंय."

"लिहिलं असंल. म्या सांगितला न्हाई. सही करनार न्हाई."

आणि दाभण उचललं. आई पडद्याआडून बाहेर आली, पिठाचे हात तसेच. "पोरीचं वरीस जाया लागलंय आन् तुमी शबुद धरून बसलाय. एका सहीनं काय हात झिजतो का?"

"खोटं हाय ते."

"मग खरं काय ते तरी सांगा."

त्यावर टकटक सुरू झाली.

मी अन्नसत्याग्रह सुरू केला. तो दुपारच्या भोंग्यापर्यंत टिकला. मिलोच्या भाकरीसाठी कुणी सत्याग्रह मोडला असेल तर ती मी एकटीच. मग मी आप्पांशिवाय काम होतंय का ते बघत चौकाला फेऱ्या घातल्या. दवाखान्यात लस टोचल्याची नोंद असेल असं वाटलं. होती, पण त्या वर्षाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. कोणती रजिस्टरं आप्पांकडं बांधलेली नाहीत ते वाळवीलाही कळत होतं. वाचनालयाचे ग्रंथपाल भला माणूस, त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की मंदाकिनी ही नियमित सभासद असून मुलगी आहे. तो कागद घेऊन मी दप्तऱ्यांकडं गेले. त्यांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." कचेरीत सांगितलं, वडिलांना घेऊन या. सगळीकडून दगडी पायऱ्या उतरून मी पुन्हा आमच्या कमानीपाशी यायचे, आणि आत टकटक चालू असायची.

शनिवार उजाडला. शनिवारी दप्तर एकला बंद व्हायचं. आत्या सकाळपासून माझ्या आईच्या पैठणीला ऊन दाखवत होती, मंगळवारची तयारी. मी दुकानात गेले. आप्पा एका जाड रजिस्टराला पुठ्ठा लावत होते. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. निघालं ते असं निघालं: "मी झाले त्या दिवशी दिवसभर तोंड लपवून हिंडलात. आता सहीपुरतं तरी दाखवा."

हातातला ब्रश खळीच्या वाडग्यात तसाच उभा राहिला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. एखाद्याला आपल्या घरात भलतंच कुणी राहताना दिसावं, तसं पाहिलं.

"कोन म्हनलं, तोंड लपवून?"

"आत्या."

त्यांनी आत पडद्याकडं बघितलं. मग फडक्याला हात पुसले, खुंटीवरची टोपी घातली, पायात चपला सरकवल्या. "चल," म्हणाले. तात्यांचा कागद माझ्या हातातच होता. सही करायला निघाले, असं मला वाटलं.

चौक ओलांडताना ते माझ्या पुढं चार पावलं चालत होते. नगरपालिकेची वाट त्यांना पाठ होती, पण रजिस्टरं पोचवायला यायचे तेव्हा ते खालूनच परत फिरायचे. माडीवर स्वतःच्या कामाला गेलेले मी पहिल्यांदा पाहिले. दप्तरे कपाटाला कुलूप घालायच्या बेतात होते. गंगाराम किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता.

"भाऊसाहेब," आप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, "मुलगा झाला, असं मी तुमाला कवा म्हनलो?"

"म्हणालात म्हणून तर लिहिलं."

"काय म्हनलो, आठवा. मेज हितंच हुतं. तुमी खिडकीकडं तोंड करून लिहीत हुता."

दप्तऱ्यांनी खिडकीकडं पाहिलं. त्या माणसाची स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध होती. आणि ती अशी समोर बसून एकेक पान उलटताना मी पाहत होते.

"तुम्ही पुडा आणला होतात," ते सावकाश म्हणाले. "या इथं ठेवलात. पेढे होते."

"व्हय."

"मी म्हणालो, अरे वा."

"म्हनलात. तारीख इचारली. टायम इचारला. म्या सांगितला."

"आणि..."

"आन् काय न्हाई. मुलगा का मुलगी, ते तुमी इचारलंच न्हाई."

गंगारामच्या किल्ल्या थांबल्या. दप्तऱ्यांनी टोपी काढून मेजावर ठेवली. "अहो, पेढे आणल्यावर कोण विचारतं? मुलीची बर्फी आणतात. छत्तीस वर्षं लोक मुलीची बर्फीच आणताहेत. पेढ्याचा पुडा ठेवला म्हणजे तोंडानं मुलगा सांगितल्यासारखंच झालं."

आप्पांनी दाराकडं पाहिलं. मला वाटलं आता ते वळतील आणि जिना उतरतील. मग ते खिडकीतून खाली चौकाकडं बघत बोलले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"थोरलीच्या वक्ताला बर्फी वाटली. मधलीच्या वक्ताला बी. ह्याच चौकात. लोक खायाचे, बोटं पुसायाचे आन् म्हनायाचे, असू द्या. दोन्ही वक्ताला, समदे, असू द्या. जसं काय घरात कुनी गेलंय. मला पोरगी झालीया आन् मी दोन-दोन डझन मानसांकडून समजूत काढून घेतोय. तिसऱ्या वक्ताला म्हनलं, हे ऐकायचं न्हाई. पेढे घेतले. हितं वाटले, कचेरीत वाटले, वाचनालयात, दवाखान्यात, समद्या दुकानांत. संध्याकाळ झाली. एक मानूस असू द्या म्हनला न्हाई. समदे हसून खाऊन गेले."

"आणि कुणीच विचारलं नाही?"

"कुनीच न्हाई."

"तुम्हीही सांगितलं नाहीत."

आप्पांनी मान खाली घातली. "न्हाई. ते बी खरं हाय."

हे मी तीसेक वर्षं चघळते आहे. आपला बाप आपल्यासाठी गावभर पेढे वाटत फिरला, हे ऐकून कुणाचाही ऊर भरून येईल, माझाही आला. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, की त्या दिवशी लोक हसले ते मी मुलगा आहे असं समजून हसले, आणि आप्पांनी त्यांना हसू दिलं. एका दिवसापुरतं त्यांनी माझ्या जागी एक मुलगा उभा केला होता की लोकांचं तोंड बंद ठेवून मला आत शांतपणे झोपू दिलं होतं? भाचरांना गोष्ट सांगताना मी दुसरं सांगते. एकटी असले की कधी हे, कधी ते. आप्पांना विचारावं असं पुष्कळदा मनात आलं, पण ते गेले तोवर दोरा तोंडातच होता. एवढं मात्र नक्की, की घरात येऊन त्यांनी हे आईला किंवा आत्याला सांगितलं नाही, कारण घरात सगळ्यांना खरं माहीत होतं आणि तिथं पेढ्यांचं काही चाललं नसतं.

दप्तऱ्यांनी माझ्या हातातला तात्यांचा कागद मागून घेतला. वाचला. 'सबब' पर्यंत वाचला आणि आप्पांनी घातली होती त्याच घडीवर पुन्हा मिटून मला परत दिला. "यावर सही घ्यायची नाही," ते म्हणाले. "खोटं आहे हे."

माझ्या डोळ्यांसमोर वजनकाटा आला.

"मग काका, दुरुस्ती?"

"खबर देणाऱ्याची चूक असेल तर प्रतिज्ञा लागते, शिक्का लागतो. लिहिणाऱ्याची असेल तर नाही लागत. लिहिणाऱ्यानं समासात कबूल करायचं आणि सही करायची." हे बोलून त्यांनी मेजावरची टोपी जवळ ओढली. गंगाराम हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, तपासणीवाले दिवाळीच्या आधी येनार हायेत. छत्तीस वर्सं..." आप्पाही म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब. दोघांचं हाय ते. मी न सांगता खाऊ घातलं." दप्तरे म्हणाले, "तुम्ही काय खाऊ घालावं हे कुठल्या नियमात नाही. मी विचारावं, हे आहे." आणि त्यांनी कपाटाचं कुलूप पुन्हा उघडायला लावलं.

रजिस्टर मेजावर आलं. दप्तऱ्यांनी तांबड्या शाईची दौत पुढं ओढली. टाक बुडवला, रद्दी कागदावर दोन रेघा ओढून पाहिल्या, पुन्हा बुडवला. त्यांचा हात कापत होता का? भाचरांना मी कापत होता असं सांगते. खरं म्हणजे अजिबात कापत नव्हता. समासात, त्याच छापल्यासारख्या अक्षरात, त्यांनी लिहिलं: शेजारील नोंद करतेवेळी लिहिणाराने विचारपूस केली नाही. चूक लिहिणाराची.

तो दाखला मला मिळाला, समासासकट त्याची नक्कल सोमवारी नगरला पोचली, तिथल्या बाईंनी ती आधी कपाळाला आठ्या घालून आणि मग तोंडाला पदर लावून वाचली, आणि मला घेतलं, हे सगळं आत्ताच सांगून टाकते. मला त्या खोलीतून एवढ्यात बाहेर पडायचं नाही.

कारण 'चूक लिहिणाराची' पाशी दप्तरे थांबले. पुढचा शब्द काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, दोन वेण्या वर बांधून, तांबड्या रिबिनी लावून उभी होते, सतरा वर्षं पूर्ण झालेली. खाली एकचा भोंगा झाला. तो थांबेपर्यंत त्यांनी टाक धरून ठेवला. मग टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली, माझ्याकडं नाही, आप्पांकडं पाहिलं, आणि दारात आत्ताच कुणी नोंद करायला आलं आहे अशा आवाजात विचारलं,

"काय झालं?"

आप्पांनी हात जोडल्यासारखे पुढं धरले. बोटांना खळ लागलेली होती.

"मुलगी," ते म्हणाले. "मुलगी झाली, भाऊसाहेब."

दप्तऱ्यांनी मान हलवली आणि लिहिलं. टिपकागद सापडला नाही, म्हणून शाई वाळेपर्यंत आम्ही चौघं त्या शब्दाकडं बघत उभे राहिलो.